टाके घालताना झोपलेली पेशंट

तिसरा टाका घालत होते आणि पेशंट झोपली. भुलीचं इंजेक्शन दिलं होतं, पण ते बोटापुरतं. त्यानं कुणी झोपत नाही. मी नाडी पाहिली, बीपी घेतलं. सगळं नॉर्मल. निव्वळ झोप होती ती.

मी तेव्हा भोर तालुक्यातल्या एका सरकारी आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर होते. पेशंट ओळखीची होती. शिवऱ्याला हायवेवरच्या एका हॉटेलात भाजी चिरायला असायची. केसपेपरवर नाव मंगेश, वय चोवीस, पुरुष. ती स्वतःला मंगल म्हणायची. आमच्या कदम सिस्टर ओपीडीत "मंगेश" म्हणून हाक मारायच्या आणि ओढणी सावरत ती उठली, की बाकावरचे लोक हसायचे. मी ते ऐकत होते. कधी काही बोलले नाही.

महिन्याभरात दोनदा ती झोपेच्या गोळ्या मागायला आली होती. दोन्ही वेळा मी तिला झोपेच्या सवयी सांगितल्या. ठरल्या वेळी आडवं व्हायचं, संध्याकाळी चहा नको, मोबाईल लांब ठेवायचा. आता कांदा चिरताना डुलकी लागली आणि सुरी बोटात गेली होती.

"उठवू का मॅडम?" सिस्टरांनी विचारलं.

"राहू दे."

ती दीड तास झोपली. जागी झाली ती दचकून, आणि तिनं आधी दाराकडे पाहिलं.

"मंगल, तू रात्री झोपतेस कुठं?"

"हाटेलाच्या मागं खोली हाय. शेजारच्या खोलीत कामावरची बाकीची मान्सं."

"मग झोप का येत नाही?"

"झोप येती की, मॅडम. म्याच येऊ देत न्हाई."

हळूहळू सगळं बाहेर आलं. खोलीची कडी त्या माणसांनी गंमत म्हणून उचकटली होती. कुणी ना कुणी दार ढकलायचं, तोंडावर टॉर्च मारायचं, व्हिडिओ काढायचं. ती दाराला पाठ लावून बसून राहायची. घर डोंगरात, पासलीच्या वरच्या वाडीत; वडील मेंढरं राखायचे.

"घरी का जात नाहीस?"

"आबा म्हनलं, केस काप आन् मग ये. आई फोन करती, आबा मेंढरामागं गेलं की."

"आणि इथं कशी झोप लागली?"

"हितं तुमी होता. दार लावल्यालं हुतं."

निद्रानाश म्हणजे झोपायला सगळं ठीक असूनही झोप न लागणं. मंगलला तो आजार नव्हताच. ती पहारा देत होती.

पोलिसांत जायला ती तयार नव्हती. काम जाईल म्हणाली. मी मालकाला फोन लावला.

"पोरं चेष्टा करतात मॅडम. त्यानं मला सांगायचं ना."

"तिनं तुम्हाला दोनदा सांगितलंय."

तो म्हणाला, "कडी बसवतो." बसवली. चौथ्या दिवशी ती परत उखडलेली होती.

टाके काढायच्या दिवशी सिस्टर पट्टी सोडवता सोडवता म्हणाल्या, "माझ्याकडं मागची खोली मोकळी आहे. आतून बोल्ट आहे. येतेस का मंगल?" त्यांच्या तोंडून हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. मंगल बोट पुढं धरून बसून राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत राहिलं.

ती राहायला गेली. शेजारच्या दोन घरांनी सिस्टरांशी बोलणं टाकलं, ते अजून पुरतं सुरू झालेलं नाही. मंगलला आता पाच तास झोप लागते. बाहेर मोठ्यानं कुणी हसलं तर अजूनही जागी होते. आबांचं म्हणणं बदललेलं नाही.

गोळ्या न देता मंगलला बरं केलं, असं आमच्या केंद्रात माझ्याबद्दल सांगतात. खरी गोष्ट अशी, की दुसऱ्या खेपेला मी गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या घेऊन ती न लागणाऱ्या दारामागं गाढ झोपली असती. औषधांच्या खिडकीवर तेव्हा स्टॉक संपला होता, एवढंच.