ओल्या धावपट्टीवरचं वाळवण

या सदरातले अनुभव मी आजवर चहासोबत, करमणूक म्हणून वाचत आलो. ज्याला भूत दिसतं त्याचा चष्मा आधी तपासावा, हे माझं मत वाशिमच्या कॉलेजात सगळ्यांना पाठ आहे. तरी आज लिहायला बसलोय... कारण या प्रकरणात ज्यांना दिसलं, त्यांचे डोळे सरकारमान्य डॉक्टर ठरावीक काळाने तपासत असतात.

शेलूबाजारपासून थोडं आत, माळावर, एका बंद पडलेल्या कारखान्याची छोटी धावपट्टी आहे. मालकाला विमानाने यायची हौस होती. मालक गेला, हौस गेली, पट्टी राहिली. दिवाळीच्या आधी आसपासचे लोक तिच्यावर सोयाबीन वाळवतात – तिचा खरा उपयोग तेवढाच. तिथे टॉवर नाही. अशा ठिकाणी वैमानिकाने आधी वरून एक चक्कर मारून पट्टी बघायची, वाऱ्याची दिशा दाखवणारा खांबावरचा कापडी मोजा बघायचा आणि वाऱ्याला तोंड देऊन उतरायचं. हे मला संकेतने शिकवलं. संकेत माझा भाचा. रिसोडला माझ्या बहिणीचा भाजीपाल्याचा मळा आहे. त्या मळ्यात वाढलेला हा पोरगा आता भाड्याच्या छोट्या विमानावर सहवैमानिक आहे.

मागच्या जुलैत एका बड्या साहेबांचा दौरा ठरला आणि त्यांना आणणारं विमान नेमकं संकेतचं निघालं. माझं मराठी शुद्ध असल्याचा गैरसमज पसरलेला असल्यामुळे सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. पट्टीच्या पूर्व टोकाला मांडव, बँड, आणि ऐन पट्टीच्या रेषेत हार घेऊन बसवलेल्या शाळेच्या मुली. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडला होता. पट्टी ओली, चकचकीत, स्वच्छ झाडलेली.

साहेबांना उशीर होत होता. वारा एवढा होता की माझ्या हातातली भाषणाची पानं सुटली आणि पूर्वेला, मांडवात उडाली. ती गोळा करताना माझं लक्ष मोज्याकडे गेलं. तो पश्चिमेकडे ताठ उभा होता. नवा कोरा, भगव्या कापडाचा, त्यावर साहेबांचं नाव... आणि त्याचं शेपूट सुतळीने एका बांबूला करकचून बांधलेलं.

स्वागत समितीचे भास्करराव जवळच होते. मी विचारलं, "हा मोजा असा काहून?"

"बांधला मी. सकाळपासून नुसता फडफडून राह्यला होता. सायबाचं नाव कोणाले वाचता येईना."

"अहो, फडफडणं हेच त्याचं काम आहे. वरून पाहणाऱ्याला वाटेल वारा उलटा आहे."

"सर, तुमी भाषण पाहा. डेकोरेशन माह्याकडं आहे."

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं – आलं, आलं.

विमान पश्चिमेकडून सरळ खाली येत होतं. चक्कर नाही, काही नाही. वारा त्याच्या पाठीशी होता, तो त्याला पुढे ढकलत होता, आणि पुढे ओली आखूड पट्टी आणि तिच्या टोकाला त्या मुली. थांबणार नाही, हे कळायला वैमानिक असावं लागत नव्हतं. मी मुलींना उठा, बाजूला व्हा म्हणून ओरडत होतो. बँडने त्याच वेळी स्वागताची धून सुरू केली. पट्टी माझ्यासमोर टोकापर्यंत दिसत होती. तिच्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

चाकं टेकायला आली... आणि विमानाने एकदम नाक वर केलं. मांडवाची कनात हलवत ते आमच्या डोक्यावरून निघून गेलं. बँड थांबला.

त्या शांततेत मला आवाज आला. सर्र... सर्र... सर्र. पसरलेल्या धान्यातून अनवाणी पाय ओढत चालल्याचा. आमच्याकडच्या माणसाला तो सांगावा लागत नाही. आवाज पट्टीवरून येत होता. पट्टीवर ओलं डांबर होतं, बाकी काही नाही.

मी भास्कररावांच्या तबकातली फीत कापायची कात्री उचलली आणि मोज्याची सुतळी कापली. मोजा गर्रकन फिरला. विमान एक चक्कर मारून पूर्वेकडून आलं, पार पश्चिम टोकाला जाऊन थांबलं. सगळं स्वागत हारांसकट तिकडे पळालं, बँड सर्वांत मागे.

साहेबांचं भाषण चालू असताना मी दोघा वैमानिकांसाठी चहा घेऊन गेलो. संकेतच आधी बोलला. "चूक आमची आहे, मामा. चक्कर मारून पाहाचं असते. सायेब मागून सारखे घाई करून राह्यले होते, आमी सरळ घुसलो."

"मग वर का गेलात?"

उत्तर कॅप्टनने दिलं. ते चंदीगडचे. "वो औरत कहाँ गई, सर? रनवे पर पीला-पीला कुछ बिछा था, वो उसमें चल रही थी. पैर घसीट के. लंगड़ी थी क्या?"

"सोयाबीन होतं," संकेत म्हणाला. "हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. तिनं वर पाह्यलं बी नाही. मले वाटलं, हिले आवाज येत नाही का."

मी कॅप्टनना सांगितलं, लंगडी नसेल. वाळवण असंच हलवतात आमच्याकडे, पाय ओढत चालायचं म्हणजे खालचे दाणे वर येतात. ते म्हणाले, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

संकेतने कप खाली ठेवला. पट्टीपलीकडच्या शेतात सोयाबीन नुकतं घोट्याएवढं झालं होतं, तिकडे तो बघत होता.

"मामा, आता दाणे कुठून आले? आन ओल्या डांबरावर वाळवण कोण घालते?"

मी ऐकलेला आवाज मी त्याला त्या दिवशी सांगितला नाही. आजही सांगितलेला नाही. इथे वाचेल तेव्हा कळेल. ओल्या डांबरावरची पिवळी उन्हं, दोघांचा थकवा – हे सगळं मी स्वतःला समजावून झालंय. पण वाळवण कधी न पाहिलेल्या माणसाला ती चाल कशी दिसली, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

परवा संकेतचा फोन आला. अशाच एका टॉवर नसलेल्या पट्टीवर गेला होता.

"चक्कर मारली, मामा. पट्टी मोकळी होती. कोणीच नव्हतं."

"मग उतरलास?"

"नाही," तो म्हणाला. "आणखी एक मारली."