माझ्या भावाची पकड

मला कबड्डीतलं कळतं, असं मी आजवर छातीठोकपणे सांगत आले. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, तिथे बाकीच्या बायका बांगड्या आणि पाळणे बघत फिरतात, मी चुन्यानं आखलेल्या मैदानाशी जाऊन बसते. कोणाचा पाय आधी हलला, पंच कुठे चुकला, सगळं मला दिसतं. फक्त एक पकड अजून कळलेली नाही, आणि ती अगदी माझ्यासमोर झाली.

माहेर गोंडपिपरीकडे, सासर राजुऱ्याकडे. त्या वर्षी माहेरच्या मंडईत अंतिम सामना नेमका या दोन गावांतच पडला. सासरकडून चढाईला माझा नवरा, माहेरकडून डाव्या कोपऱ्यात माझा धाकटा भाऊ. मंडईला आलेल्या जावयाचा थाट मोठा. सकाळी भावानंच त्याच्या पायांवर पाणी घातलं, वाकून नमस्कार केला. दुपारी तेच पाय धरून त्याला आडवा करायचा. असा उद्योग आमच्याकडेच होतो.

नवऱ्याचा डावा गुडघा कामातून गेलेला. चंद्रपूरच्या डॉक्टरनं खेळू नका म्हणून सांगितलं होतं, पण नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. हे सगळं मी भावाला फोनवर सांगत असे. भावाचं मात्र त्या दिवशी खरंच काही पणाला लागलं होतं. जिल्ह्याचा संघ निवडणारे दोघे खुर्च्या टाकून बसले होते. संघात नाव लागलं तर पुढे राज्य, आणि मग पोलीस भरतीत खेळाडूंची जागा. भरतीत तो आधी थोडक्यात हुकला होता आणि वय सरत चाललं होतं.

गुण बरोबरीत, शेवटची चढाई. नवरा आत शिरला आणि भावानं झडप घालून त्याचा घोटा धरला. डावाच. पकड अशी बसली की मी उठून ‘धर, धर’ ओरडले. शेजारच्या नणंदेनं असं पाहिलं की मी मुकाट्यानं खाली बसले. नवरा पालथा पडला, तरी भावासकट फरफटत मध्यरेषेकडे सरकत होता. तोंडात माती, दम सोडलेला नाही. घरी पाण्याचा तांब्या हातात मागणारा हा माणूस, एवढा जोर कुठे ठेवतो कोण जाणे. मग गुडघा वळला, त्याचा चेहरा पिळवटला, आणि पाय सुटला. हात रेषेला टेकला. सासर जिंकलं.

निवडणारे उठले. डाव्या कोपऱ्याचा हात कच्चा आहे, असं म्हणत निघून गेले. गाव म्हणालं, साळ्यानं जावई राखला. नवरा जेवताना म्हणाला, पाय मी ओढून काढला, माझ्या मेहनतीवर पाणी फिरवू नका. भावानं सोडला असेल तर त्यानं माझ्यासाठी नोकरी घालवली, आणि सुटला असेल तर मी माझ्या नवऱ्याला आजवर ओळखलंच नाही. कौतुक कोणाचं करू आणि रडू कोणासाठी?

सकाळी निघताना भावाला अंगणात गाठलं आणि खरं सांग म्हटलं. तो खाली मान घालून म्हणाला, “बाई, मी तं जीव लावून धरलो होतो. गुडघा मोडला असता तरी सोडलो नसतो. भाऊजीचा जोरच भारी पडला.”

माझ्या नवऱ्याचा गुडघा मोडायला निघालेल्या माणसाचा मला राग यायला हवा होता. उलट जीव भांड्यात पडला. चला, हरला तर हरला, पण खेळून हरला.

तेवढ्यात नवरा लंगडत बाहेर आला. भाऊ चटकन पुढे झाला, त्याच्या हातातली पिशवी घेतली, त्याला डाव्या बाजूनं कंबरेत धरलं आणि पायरी उतरवू लागला. गुडघ्याला जराही झटका बसू नये म्हणून तो स्वतः वाकडा होऊन चालत होता. मी दारातच उभी राहिले आणि त्यानं आत्ता सांगितलेलं सगळं मला पुन्हा खोटं वाटायला लागलं.