लोपीस सरांची भिंत

पहिल्याच भेटीत लोपीस सरांनी मला डोळा मारला. वॉलॉंगॉंगच्या स्टेशनवर, भरदुपारी, मी साडी नेसून सिडनीच्या ट्रेनची वाट बघत उभी असताना. चांगला केस पिकलेला, टाय लावलेला माणूस, आणि एक डोळा मिटून माझ्या दिशेने बघतोय! माझं डोकंच फिरलं. "मेल्या, वय काय तुझं!" मी पुटपुटले. त्या मुलखात मराठीत शिव्या द्यायची मोठी चैन होती, कुणाला कळायचं नाही.

"बावन्न," गृहस्थ स्वच्छ मराठीत म्हणाले. "आणि मी तुमच्याकडे नाही, तुमच्या मागच्या रुळांकडे बघतोय. जरा बाजूला होता का?"

मी बाजूला झाले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण शहात्तर साली तिथे मराठी बोलणारं माणूस भेटणं म्हणजे काय, ते आज सांगून कळायचं नाही. नवरा पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यात शिफ्टला, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, आणि घरात बोलायला भिंती. ट्रेन येईपर्यंत मी सरांना रविवारच्या जेवणाचं आमंत्रण देऊन मोकळी झाले होते.

सर वसईचे. नाव इनास लोपीस. युनिमध्ये, म्हणजे तिथल्या विद्यापीठात, इंजिनिअरिंगच्या पोरांना ड्रॉइंग शिकवायचे, पण जीव अडकलेला भलतीकडेच. इटलीतल्या वास्तुकारांनी यथार्थदर्शनावर, म्हणजे सपाट कागदावर खोली कशी दाखवायची यावर, जे जुने ग्रंथ लिहिले त्यांचा इतिहास सर लिहीत होते. तोही मराठीत! कोण वाचणार, असं मी विचारलं तर म्हणाले, "फिलू वाचेल." फिलू म्हणजे फिलोमिना, त्यांची बायको. ती वसईला एका मराठी शाळेची हेडमास्तरीण. मूलबाळ नव्हतं. सर तीन वर्षांच्या करारावर आले ते राहिलेच, आणि ती तिकडे आपली शाळा आणि म्हातारी आई सांभाळत राहिली.

"यथार्थ कसलं डोंबलाचं!" सर भाताचा घास हातात तसाच धरून म्हणायचे. "थाळी गोल असते, चित्रात लंबगोल काढतात. खोटं बोलायचं शास्त्र आहे ते, आणि नाव ठेवलंय यथार्थदर्शन." मग गाडी सुटायची. आधी चित्रकारांसाठी नियम लिहिले गेले. मग वास्तुकारांनी ते उचलले आणि आपसात भांडायला लागले. एक म्हणे, घर बांधणाऱ्याने मोजमापाचे नकाशे काढावेत, ही नजरबंदी चित्रकारांनी करावी. दुसरा म्हणे, गिऱ्हाइकाला घर दिसलंच नाही तर तो बांधेल कशाला? मग नाटकांचे पडदे आले, मग देवळांची छतं. चर्चला सर देऊळच म्हणायचे. वर्गात हे सुरू केलं की पोरं विचारायची, "हे परीक्षेला आहे का, मेट?" सर नाही म्हणाले की, "नो वरीज देन," आणि वह्या बंद.

रोमला ते तरुणपणी एकदा गेले होते. तिथे एका देवळाच्या फरशीवर खूण केलेली आहे म्हणे. बरोबर त्या खुणेवर उभं राहून मान वर केली की सपाट छत फाटून रंगवलेले खांबच्या खांब आभाळात चढलेले दिसतात. दोन पावलं सरकलात की सगळे खांब तिरपे, आता पडतात की मग. "मागे ही लाईन लागलेली," सर सांगायचे. "एकेकाने उभं राहायचं, बघायचं, बाजूला व्हायचं. नवराबायको असली तरी एकेकटीच." म्हणून कुठलीही तक्रार घेऊन गेलं की त्यांचा ठरलेला प्रश्न असे, "आधी सांग, उभी कुठे आहेस?" मी लॅबच्या साहेबिणीला शिव्या घालत असताना हे ऐकून अंगाचा तिळपापड व्हायचा.

फिलूताई मेच्या सुट्टीत येणार असं ठरलं तेव्हा सर पोरासारखे झाले. त्यांचं युनिट, म्हणजे फ्लॅट, नुसती काड्यापेटी. त्याचे फोटो बघून ताई म्हणाल्या होत्या, "तुझ्या त्या घरात श्वास घ्यायला जागा नाही, मी कशी राहू?" आता त्या येऊन बघणार होत्या, आणि आवडलं तर शाळा सोडून कायमच्या यायला तयार होत्या. "मग जागाच करतो," सर म्हणाले. महिनाभर सुतळ्या, खिळे आणि खडू घेऊन त्यांनी जेवणाच्या टेबलामागची भिंत रंगवली. जुन्या ग्रंथांतल्या रीतीने कमानीमागे कमानी, दोन्हीकडे खांब, शेवटी उजेड. जमिनीच्या लिनोलियमवर काळ्या टेपचा ठिपका चिकटवला. तिथे उभं राहिलं की ती भिंत खरोखर आत आत जायची. मी तोंडात बोट घातलं.

ताई आल्या. ठसठशीत बाई, आवाज वर्गातला. सरांनी त्यांना खांद्याला धरून ठिपक्यावर उभं केलं. बराच वेळ त्या बघत राहिल्या. चेहरा खुलला. "सुंदर रे इनास," त्या म्हणाल्या. मग खाली पायाकडे बघून विचारलं, "पण मी इथे उभी राहिले तर तू कुठे उभा राहणार?"

सर हसले. मग हसायचे थांबले.

सुट्टी संपली, ताई परत गेल्या. भांडण नाही, तंटा नाही. विमानतळावर मला एवढंच म्हणाल्या, "दिवसभर तो युनिला, मग त्याची पुस्तकं. मी त्या ठिपक्यावर किती वेळ उभी राहू, सुमन?" मला त्यांचा राग येईना आणि सरांचाही येईना. परतीच्या ट्रेनमध्ये सर समुद्राकडच्या खिडकीशी बसले, पण एकदाही बाहेर बघितलं नाही.

"मग तुम्हीच जा ना परत!" मी कितीदा सांगितलं. "जाणार. शेवटचं प्रकरण झालं की जाणार," हे उत्तर. ते शेवटचं प्रकरण म्हणजे मारुतीचं शेपूट. ग्रंथकारांचं एक जुनं भांडण त्यात होतं: चित्राला डोळा एकच मानायचा, की अनेक मानता येतात? सरांना ते भांडण आता घरात मिटवायचं होतं. एका भिंतीवर दोघांना एकाच वेळी सरळ दिसेल असं काही. भिंत पांढरी करायचे, पुन्हा सुतळ्या ताणायचे. वर्षं गेली. माझी मुलगी शाळेत जायला लागली आणि मला इंग्रजीत उत्तरं देऊ लागली, तरी यांच्या भिंतीचं चालूच.

शेवटी एका रविवारी म्हणाले, "नाही जमत. एकाला वाकडं बघावंच लागतं." आणि त्यांनी ती भिंत अशी रंगवली की खिडकीजवळच्या खुर्चीवरून सगळं बरोबर दिसावं. आल्या होत्या तेव्हा फिलूताई तिथे बसायच्या. त्या खुर्चीवर ते मला कधी बसू देत नसत. स्वतः समोर, दाराजवळ. "सर, तुमच्या बाजूने हे सगळं कोसळतंय," मी एकदा म्हटलं. "कोसळू दे. मला सवय झाली," म्हणाले आणि लोणचं मागितलं. ताईंना बोलावणं गेलं. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. पुढच्या सुट्टीत, पुढच्या सुट्टीत असं होत राहिलं.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात सर गेले. सकाळी युनिला जायला निघाले आणि जिन्यातच बसले ते बसलेच. वसईला शेजाऱ्यांच्या फोनवर मीच कळवलं. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट या सगळ्यात ताईंना मातीलाही पोचता आलं नाही. त्या आल्या तेव्हा थडग्यावरची फुलं वाळलेली होती.

कबरस्तानातून मी त्यांना युनिटवर आणलं. त्या काळ्या कोटात अगदी एवढ्याशा दिसत होत्या. मी म्हटलं, "ताई, सरांनी तुमच्यासाठी भिंत पुन्हा रंगवली होती. या खुर्चीत बसा." त्या बसल्या. कमानीमागे कमानी लांबवर गेलेल्या, खांब ताठ, शेवटी उजेड. कुठे रेघ चुकलेली नाही. मला वाटलं आता बाई रडणार. त्या रडल्या नाहीत.

"आणि तो कुठे बसायचा?"

मी दाराजवळची खुर्ची दाखवली. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून त्या खुर्चीत बसल्या आणि मान वर केली. तिथून सगळे खांब एकमेकांवर कलंडलेले, कमानी मोडल्यासारख्या.

"हे बघत जेवायचा? रोज?"

मी हो म्हटलं. मग आत जाऊन चहा टाकला. कप आणून मी खिडकीजवळच्या खुर्चीसमोर ठेवला, तर त्यांनी हात लांब करून तो स्वतःकडे ओढून घेतला.

"मी आता इथेच बसते, सुमन," त्या म्हणाल्या.