त्या तारखेला आणखी काय

गुडघ्याच्या व्यायामासाठी मला माळनाक्यावर नेणारा रिक्षावाला निघण्याआधी तारखेचं महत्त्व सांगायचा. "आजी, आज तुमच्या काळातल्या व्हिलनचा वाढदिवस." किंवा, "याच तारखेला तो रडका पिच्चर लागलेला." सांगताना आरशात बघून अशी मान डोलवायचा, जणू त्याच्याच घरचं कार्य. नाव मी कधी विचारलं नाही.

एका सकाळी तो नुसता आरसा पुसत बसला. मीच डिवचलं, "काय रे, आज आमच्या हिरोचा वाढदिवस. विसरलास?"

"नाय आजी." त्याने स्वच्छ आरसा पुन्हा पुसला. "आजच्याच तारखेला माझी मुलगी गेली. तेव्हापासून शोधतो, या दिवशी आणखी काय काय झालं. ही तारीख नुसती तिच्या मरणाची राहू नये. मग बाकीच्या तारखांची पण सवय लागली."

मी त्याला सांगितलं, की सोळाव्या वर्षी मी बावळट या तारखेला त्या हिरोसाठी कडक उपास करायचे. त्याचा फोटो देव्हाऱ्यात दत्ताच्या तसबिरीमागे खोचलेला. पोरगी देवभोळी निघाली म्हणून आई खूश, आणि फुलं दोघांना मिळून वाहायची!

तो हसला नाही. रिक्षा दारातच उभी होती. मग म्हणाला, "तिला फार आवडलं असतं हे. आजच्या तारखेत ठेवू?"

"ठेव," मी म्हटलं. "आणि पुढच्या वर्षी याच दिवशी मला सांग. मी असले, तर हसेन."