लंडनमध्ये ज्वारी साडेतीनशे रुपये किलो

लेकाला परत आणायचं, एवढ्यासाठीच मी लंडनला गेले. राणीचा राजवाडा बघायला नव्हे. निखिल तिथं घर घ्यायचं म्हणत होता. एकदा घर घेतलं की पोरं परत येत नाहीत, हे आमच्या जुळे सोलापूर भागात मी रोज बघते. आमच्याकडं वर्षाची ज्वारी सुगीत एकदाच भरतात, माणशी एक पोतं. निखिल गेल्यावरही मी त्याचं पोतं भरतच होते. त्यात किडे होतात, तो भाग वेगळा.

तर बेत असा, की तिथल्या महागाईवरून त्याला इतकं हैराण करायचं की त्यानं बॅग भरावी.

सोलापूरहून रेल्वेनं मुंबई, पुढं विमान. विमानातलं पिवळं लिबलिबीत जेवण ज्यांना आवडतं त्यांना माझा दंडवत. तुम्ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी जवळ ठेवा.

लंडनच्या बसला दोनशे रुपये. तेवढ्यात आम्ही नवराबायको मंगळवेढ्याला पोचतो. चहा चारशेला, म्हणजे गरम पाण्यात बुडवलेली पिशवी. किराणा वेम्ब्लीत घ्या, तिथं आपलं सगळं मिळतं. ज्वारीचं पीठही मिळालं, किलोला साडेतीनशे! वर 'ग्लूटेन-फ्री' असा शिक्का, जणू ज्वारीचा शोध यांनीच लावलाय.

"एवढ्यात आपल्याकडं सात किलो मालदांडी ज्वारी येते की रे!" मी दुकानातच ओरडले.

"आई, हळू. इथं लोकांना मराठी कळतं."

"कळू दे की!"

"मग ब्रेडचा भाव बघ. नव्वद रुपयांत अख्खी लादी. आणि सगळ्याचे रुपये कशाला करतेस? माझा पगार रुपयांत आहे का?"

मग मी ब्रेडला कापूस म्हणून घेतलं.

घरी भाकरी थापायला बसले तर पिठात जीवच नाही, प्रत्येक भाकरी चिरली.

"हे रोज कसं खातोस रे?"

"खात नाही. तू आलीस म्हणून घेतलं," तो शांतपणे म्हणाला. "भाकरीची आठवणही येत नाही आता."

माझ्या समाधानासाठी त्यानं अर्धी खाल्ली. मला फार वाईट वाटलं, आणि राग कुणावर काढावा तेही कळेना.

परतले तेव्हा सुगी उरकली होती. ज्वारी भरायला मंगळवेढ्याला आमच्या नेहमीच्या बिरूअण्णांकडं गेलो.

"वैनी, दरसालागत तीन पोती काडून ठिवल्यात बगा."

"दोनच द्या."

"आन् निखिलचं?"

"त्याला तिथं ब्रेड स्वस्त पडतो," मी म्हणाले.