आईच्या गाठीचे काटे

आमच्या खानदानातली पहिली बी.एस्सी. मी. कुंभार पिंपळगावात शाळा, परतूरला बारावी, औरंगाबादला डिग्री आणि मग जालन्यात मास्तरकी. हे सांगताना मला आजही ताठा वाटतो. पण त्याच डिग्रीनं एकदा मला तोंडघशी पाडलं, आणि त्याबद्दल मी एका डॉक्टरबाईंचे आभार मानते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आई दिवाळीला माझ्याकडं आल्ती. आंघोळीला तिला उटणं लावत होते, तर तिनं माझा हात धरला आणि छातीवरच्या गाठीवर नेऊन ठेवला.

"बघ बरं, तुझ्या पुस्तकात काय म्हणत्यात याला?"

वर्षभर तिनं ती गाठ कुणाला कळू दिली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात औरंगाबादेत मॅमोग्राफी केली. फिल्म हातात आली आणि मला कुठला दम निघतो? डॉक्टरबाईंनी बोलवायच्या आत ती खिडकीच्या उजेडाला धरली. मधे पांढरी गाठ, आणि तिला चारी बाजूंनी काटे फुटलेले. आई शेजारून डोकावली.

"सराट्यावानी दिसून राह्यलं की गं."

"माय, हे काटे म्हंजे रोग सगळीकडं पसरलाय," मी बोलून गेले.

"मंग चल घरी. कापाकापी बिलकुल न्हाई. मरायचंच तर आपल्या ओट्यावर मरीन." पिशवी उचलून ती जिन्यापर्यंत गेल्ती. तेवढ्यात नर्सनं तिचं नाव पुकारलं म्हणून थांबली.

बाईंनी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली आणि मला सोडून आईशीच बोलायला लागल्या.

"मावशी, खोटं सांगत नाही, गाठ कॅन्सरचीच वाटते. पण सगळ्या गाठी एका जातीच्या नसतात. अशी काटेरी गाठ बऱ्याचदा हळू वाढते, अंगातल्या हार्मोनवर पोसते. ते पोसणं गोळीनं अडवता येतं. गोल, गुळगुळीत दिसणारीच कधी कधी जास्त द्वाड निघते."

"मंग ही पोरगी पसरलंय म्हनून राह्यली?"

"पोरगी डॉक्टर आहे का?"

"न्हाई, मास्तरीण हाय. कुणाचीबी वही दिसली की लाल पेन काढती."

बाई खळखळून हसल्या. मी जमिनीकडं बघत राहिले.

"काटे म्हणजे सगळीकडं पसरलं असं नाही, मावशी. पण हा फोटोवरून केलेला अंदाज. फोटो फसवतोही. तुकडा काढून तपासू, लॅब सांगेल ते खरं. ऑपरेशन मात्र करावं लागेल."

आईनं पेटीजवळ जाऊन फिल्मवरच्या काट्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "काढा तुकडा."

अंदाज बराबर निघाला. गाठ हार्मोनवर पोसणारीच होती. ऑपरेशन झालं, काखेतही काही पसरलेलं नव्हतं. बाई पुढंमागं काय त्रास होऊ शकतो ते समजावत होत्या, पाच वर्षं रोज गोळी म्हणाल्या. मला रडू आवरेना. आईनं मला कोपरानं ढोसलं आणि बाईंना विचारलं,

"गोळी जेवायच्या आधी, का जेवल्यावर?"