नळ सोडून बोलणारी बाई

वरच्या मजल्यावरच्या घोषणाबाईंची वाचा म्हणे फक्त नवऱ्यापुरती गेली होती. रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावायचं, नळ मोठा सोडायचा आणि फोनवर कुणाशी तरी हळूच बोलायचं, असा त्यांचा कार्यक्रम. जिन्यात ही बातमी पहिल्यांदा कुजबुजली त्यांच्या जाऊबाईंनी. तिला मीठमसाला लावला तो, खोटं कशाला बोलू, मीच.

बाई बस आगारात गाड्या पुकारायच्या, बावीस वर्षं. गाडी तासभर उशिरा सुटणार हे त्या इतक्या गोड सांगत की भांडायला आलेला माणूस आभार मानून बाकावर जाऊन बसे. एका सोमवारी माईकसमोर नुसती हवा निघाली. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, सगळं ठीक. दुसऱ्यांनी पाहिलं, तेही ठीक. प्रत्येक ‘ठीक’ घरी आलं की सासूबाईंचं तोंड आणखी वाकडं. नवऱ्याने तर एकदा मागून पाठीत बर्फ टाकला. बाई किंचाळल्या, आणि चोर पकडल्यासारखा तो घरभर नाचला. आगाराच्या साहेबांनी महिन्याची मुदत दिली: आवाज आणा, नाहीतर पार्सलच्या खोलीत बसा.

तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला समोर बसवून समजावलं. किंकाळी निघते, खोकला निघतो, शब्द तेवढा निघत नाही, हाच हा आजार, ढोंग नव्हे. मग बाईंना जेवणाचं, झोपेचं विचारलं. कशात मन लागतं का, विचारलं. बाईंनी वहीत एकच ओळ लिहिली: ‘आवाज आला तरी काय बोलू?’

डॉक्टरीणबाईंनी ताबडतोब मनाच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली.

“घशाचं काय ते द्या,” नवरा म्हणाला, “डोक्यावर कशाला जाताय?”

चिठ्ठी त्याच्या शर्टाच्या खिशात राहिली आणि शर्टाबरोबर धुतली गेली. महिना संपला. बाई पार्सलांवर लेबलं चिकटवू लागल्या, आणि आमची बातमी जिन्यात वर-खाली करत राहिली.

एके सकाळी आमची ही त्यांची चाळणी परत द्यायला वर गेली. न्हाणीघराची कडी तुटली होती, दार अर्धं उघडं. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता. आत बाई पालथ्या बादलीवर बसून रडत होत्या. रडताना त्यांना आवाज फुटत होता. त्या रोज रडत होत्या.